वादातली वीस मिनिटे

“समजुतीने घ्या, एवढेच सांगणार ना? ते घरातली वडीलधारी माणसेही सांगतात. त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?” नवरा-बायकोने थेरपिस्टकडे जावे असा विषय निघाला की डिचोलीपासून काणकोणपर्यंत हे ऐकायला मिळते. काही वर्षांपूर्वी गोव्यात लग्नाआधीचे समुपदेशन सक्तीचे करण्याचा विचार सरकारने बोलून दाखवला होता. तेव्हापासून हा विषय अधूनमधून डोके वर काढतो आणि तिथे शहाणपणाचे डोस मिळतात असे गृहीत धरले जाते. दुसरी समजूत याहून पक्की आहे: तिथे गेले की चूक कोणाची याचा निकाल लागतो. दोन्ही समजुती का चुकीच्या आहेत हे कळायला मनाआधी छातीतल्या हृदयाकडे बघावे लागते.

समजा, फोंड्याचे एक जोडपे आहे. तो वेर्ण्याच्या औषध कारखान्यात पाळीने काम करतो, ती शाळेत शिकवते. थेरपिस्टसमोर ती म्हणते, “चवथीला गणपतीच्या माटोळीचे सामान दरवर्षी मीच आणायचे. तू आदल्या रात्री उगवणार आणि आईंना विचारणार, झाले ना सगळे?” तो खाली बघतो, बोलत नाही. याला काडीची पर्वा नाही, असे वाटून ती आवाज चढवते. तो आणखी गप्प होतो. त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला (कोविडच्या काळात घरोघरी आला तोच, काही थेरपिस्ट तो खरोखर वापरतात), तर नाडी 76 वरून 112 वर गेलेली दिसू शकते. तो बेपर्वा नाही, त्याचे शरीर संकटात असल्यासारखे वागते आहे.

अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात हेच मोजले. जोडप्याला त्यांच्या नेहमीच्या भांडणाच्या विषयावर बोलायला सांगायचे, चित्रीकरण करायचे आणि जोडीला हृदयाचे ठोके, घाम, हालचाल नोंदवायची. गॉटमन यांचे म्हणणे असे, की वादात नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की माणसाला समोरच्याचे नीट ऐकून घेता येत नाही.

शंभरच का? हा आकडा काटेकोर सीमारेषा नाही, नियमित व्यायाम करणाऱ्यांत तो कमी असतो. पण त्यामागचे शरीरशास्त्र मला फार आवडते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. मेंदूकडून काही हुकूम आला नाही तरी तो आपला आपण ठोके देत राहतो, आणि त्याची ही स्वतःची गती मिनिटाला साधारण 100 असते. हृदयरोपण झालेल्या माणसात मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटलेल्या असतात. त्याचे हृदय बसल्या जागीही 90 ते 110 च्या आसपास चालते. मग तुमची-आमची नाडी 70 कशी? व्हेगस नावाची नस हृदयाला सतत आवरून धरते म्हणून. उतारावर स्कूटरचा ब्रेक हलका दाबून ठेवावा, तसे.

नाडी 70 वरून 100 कडे जाते ती मुख्यतः हा ब्रेक सैल झाल्यामुळे. त्यापुढे जायला मात्र दुसरी यंत्रणा जोर लावते, ती म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणारी सिंपथेटिक मज्जासंस्था आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून सुटणारे अ‍ॅड्रेनलिन. दोन्हींच्या वेगात मोठा फरक आहे. व्हेगस हृदयापाशी एक रसायन सोडते, हे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकांच्या हृदयांवर दाखवले: एका हृदयाची व्हेगस नस चेतवली, त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि दुसरेही मंदावले. त्यासाठी 1936 चे नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासह मिळाले. या रसायनाचे नाव अ‍ॅसिटिलकोलिन, त्याला एक विकर (एन्झाइम) क्षणार्धात फोडून टाकते, म्हणून ब्रेक ठोक्यागणिक लागू किंवा सुटू शकतो. अ‍ॅड्रेनलिन रक्तातून फिरते आणि उतरायला मिनिटे लागतात. शिवाय मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्युटरी ग्रंथी आणि अधिवृक्काचे बाह्यांग अशी साखळी चालू झाली की कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढू लागते. त्याचे रक्तातले शिखर ताण सुरू झाल्यानंतर 20 ते 30 मिनिटांनी येते. म्हणजे भांडण संपले असे तोंडाने म्हटले, तरी रक्तात ते संपलेले नसते.

यावर गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग झाला. वाद सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली की जोडप्याला थांबवले, यंत्रात दुरुस्ती करायची आहे असे सांगितले आणि अर्धा तास नुसती मासिके वाचायला दिली. पुन्हा त्याच विषयावर बोलू लागले तेव्हा ठोके बरेच खाली आले होते आणि बोलणेही निवळले होते. कोणी उपदेश केला नव्हता. म्हणून थेरपिस्ट तुम्हाला मध्येच थांबवतो. घरासाठीही तो हीच रीत शिकवतो: किमान वीस मिनिटे बाजूला व्हायचे, परत कधी बोलू ते सांगून जायचे, आणि त्या वेळात “मी का ऐकून घ्यायचे?” ही उजळणी करायची नाही, कारण ती चालू असेतो शरीर शांत होत नाही.

याच गॉटमन यांच्या नावावर एक दावा फिरतो, की काही मिनिटांचे भांडण पाहून घटस्फोट होणार का हे 90 टक्के अचूक सांगता येते. तो जसाच्या तसा घेऊ नये. समीकरण ज्या जोडप्यांवरून बनवले त्यांच्यावरच तपासले तर ते अचूक दिसणारच. हेमन आणि स्लेप या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवले, की असे समीकरण नव्या जोडप्यांना लावले की अचूकता बरीच घसरते. आणि आपल्याकडे तर तेवढीही तपासणी न होता पत्रिकेतल्या 36 गुणांवर लग्ने ठरतात, मोडतात. पुढे संसारात बिनसले की घाड्याला (कौल लावून बाधा सांगणाऱ्याला) विचारले जाते, बाधा सुनेला झाली की घराला. यात जाणारी वर्षे आणि सुनेला लागणारा ठपका यांचा मला राग येतो.

पहिल्या एक-दोन भेटींत दोघांचे एकत्र आणि मग बहुधा वेगवेगळे बोलणे ऐकले जाते. एका भेटीला साधारण तास लागतो. एकट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला कळणार का, हे आधीच विचारून घ्यावे. चांगला थेरपिस्ट स्वतःहून नियम सांगतो. कधी सासूबाईंनाही बोलावले जाते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी दाखवले होते, की दोघांतला ताण वाढला की तिसऱ्याला ओढले जाते. वरच्या जोडप्यात ‘आई’ याच त्रिकोणात आहेत. कुटुंबाला उपचारात घेण्याची गोष्ट परदेशीही नाही: 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंत राहायला जागा दिली होती.

चमत्काराची अपेक्षा नको. अमेरिकेत गंभीर बेबनाव असलेल्या 134 जोडप्यांचा मोठा अभ्यास झाला. थेरपीनंतर पाच वर्षांनी साधारण निम्म्यांत ठळक सुधारणा टिकली होती, तर चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक विभक्त झाली होती. मुळाशी दारू असेल तर आधी तिच्यावर उपचार लागतो. त्यासाठी गोव्यातलाच पुरावा आहे: ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत पुरुषांशी मोजक्या भेटींत काम केले. तीन महिन्यांनी त्यातल्या 36 टक्क्यांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीच्याच सेवेत 26 टक्क्यांचे.

जिथे मारहाण आहे, नवऱ्यासमोर तोंड उघडायची भीती आहे, तिथे एकत्र बसणे योग्य नाही. खोलीत खरे बोललेल्या बाईला घरी त्याची किंमत मोजावी लागू शकते. तिने एकटीने भेटावे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. इतरांनी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चौकशी करावी. ‘मॅरेज काउन्सेलर’ अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतो, तेव्हा शिक्षण विचारायला संकोच नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिचा क्रमांक मागता येतो.