सर्कशीतली कार्लोटा कुठली? सेंट क्लेअर्स आणि मॅलरी टॉवर्समधला घोळ

एनिड ब्लायटन या इंग्रजी लेखिकेची मुलांची पुस्तकं वाचत मोठ्या झालेल्या मैत्रिणींना विचारा, सर्कशीतून आलेली मुलगी कोणत्या शाळेत होती? बऱ्याच जणी ठामपणे सांगतील, मॅलरी टॉवर्समध्ये. ती कार्लोटा, आणि ती सेंट क्लेअर्सची. थंडर नावाचा आपला घोडा थेट शाळेत घेऊन येणारी बिल नावाची मुलगी मात्र मॅलरी टॉवर्सची. दोघींचा जीव घोड्यांवर, म्हणून आठवणीत दोघींची एक होऊन जाते.

घोळ साहजिकच आहे. दोन्ही मालिका सहा-सहा पुस्तकांच्या, दोन्ही इंग्लंडमधल्या मुलींच्या बोर्डिंग शाळांच्या. दोन्हीकडे लॅक्रॉस हा जाळीच्या काठीने खेळायचा चेंडूचा खेळ, मध्यरात्री चोरून केलेल्या मेजवान्या आणि फ्रेंच शिकवणाऱ्या, चटकन चिडून चटकन विरघळणाऱ्या मॅमझेल. सेंट क्लेअर्सची पुस्तकं १९४१ ते १९४५ मधली, मॅलरी टॉवर्सची १९४६ ते १९५१ मधली. म्हणजे एक संपली आणि लगेच दुसरी सुरू झाली.

मला ही पुस्तकं उसनी, मिळतील त्या क्रमाने वाचायला मिळाली. त्यामुळे मॅलरी टॉवर्सची नायिका डॅरेल हिला एक जुळी बहीण आहे असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. जुळ्या बहिणी म्हणजे पॅट आणि इझाबेल ओ'सलिव्हन, सेंट क्लेअर्सच्या. पण मॅलरी टॉवर्समध्येही पुढे कॉनी आणि रूथ नावाच्या जुळ्या येतात, आणि तिथून गुंता आणखी वाढतो. लक्षात ठेवायला सोपं आहे: पॅट-इझाबेल एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहतात, तर कॉनी रूथला स्वतःचं तोंडच उघडू देत नाही.

माझ्या मते खरा फरक पुस्तकांच्या मांडणीत आहे. सेंट क्लेअर्सची पहिली तिन्ही पुस्तकं एकाच वर्षाची, पहिल्या इयत्तेच्या तीन सत्रांची आहेत. मग दुसरी, चौथी आणि पाचवी इयत्ता. तिसरी नाही, शेवटचं वर्षही नाही. मॅलरी टॉवर्समध्ये मात्र दर पुस्तकाला डॅरेल एक वर्षाने मोठी होते. बाराव्या वर्षी शाळेत आलेली मुलगी शेवटच्या पुस्तकात सेंट अँड्र्यूज विद्यापीठात जायला निघते.

म्हणून सेंट क्लेअर्स ही एका वर्गाची गोष्ट झाली. जुळ्या बहिणी सुरुवातीला नाक वर करून येतात, कारण त्यांना मैत्रिणींबरोबर रिंगमियर या श्रीमंती शाळेत जायचं होतं. सेंट क्लेअर्समध्ये धाकट्या मुलींनी वरच्या वर्गातल्या मुलींची कामं करायची पद्धत: शेकोटी पेटवायची, टोस्ट भाजायचे, बुटांचा चिखल काढायचा. ही कामं करायला दोघी साफ नकार देतात. एकदा त्यांचा ताठा उतरला की ब्लायटन त्यांना बाजूला सारते आणि दर सत्राला नवी मुलगी वर्गात आणून सोडते. मॅमझेलची भाची क्लॉडीन आठवा. श्रीमंतीचा तोरा मिरवणाऱ्या अँजेलाच्या आईला ती सरळ पोहण्याच्या तलावात ढकलते! (मॅलरी टॉवर्सच्या शेवटच्या पुस्तकातली सुझान हीसुद्धा मॅमझेलची भाची, पण तिच्या वाट्याला इतकं काही येत नाही.)

मॅलरी टॉवर्स एकट्या डॅरेलची, तिच्या रागाची गोष्ट आहे. पहिल्याच सत्रात घाबरट मेरी-लूचं डोकं वर्गातली ग्वेंडोलिन पाण्याखाली दाबून धरते आणि डॅरेल तिला सणसणीत चापट्या लगावते. मग रागाच्या भरात ती सॅली या दुसऱ्या वर्गमैत्रिणीला ढकलते. सॅली आजारी पडते तेव्हा आपल्यामुळेच हे झालं या भीतीने डॅरेल खचून जाते. खरं दुखणं अपेंडिक्सचं असतं, आणि ऑपरेशन करायला डॅरेलचे सर्जन वडीलच येतात. मला थक्क करतं ते पुढचं. चौथ्या पुस्तकात, वर्गाची प्रमुख झाल्यावर, तोच राग परत उसळतो आणि तिचं पद जातं. मुलांच्या पुस्तकात दोष एकदा सुधारला की सुधारला असंच बहुतेक वेळा असतं. इथे तसं नाही.

चोरीची गोष्ट दोन्हीकडे आहे आणि हमखास गल्लत होते ती तिथेच. सेंट क्लेअर्सची कॅथलीन पैसे चोरते, कारण तिच्याजवळ काही नसतं आणि मैत्रिणींना भेटी द्यायची हौस असते. मॅलरी टॉवर्सची डॅफ्नी श्रीमंतीचं सोंग टिकवायला चोरते. पण तीच डॅफ्नी वादळी रात्री कड्यावरून घसरलेल्या मेरी-लूला धरून ठेवते. मग तिला शाळेत राहू द्यायचं का, हे मुख्याध्यापिका मिस ग्रेलिंग वर्गातल्या मुलींवर सोपवतात.

जागेवरून ओळखायचं तर कॉर्नवॉलचा समुद्र दिसला की मॅलरी टॉवर्स. चार दिशांचे चार मनोरे, खडकात कोरलेला आणि भरतीच्या पाण्याने भरणारा तलाव. ब्लायटनची लेक ज्या बेनेंडन शाळेत शिकली, ती शाळा युद्धकाळात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर हलवली होती. सेंट क्लेअर्सला असा ठसठशीत भूगोल नाही.

मुलीसाठी घेणार असाल तर सेंट क्लेअर्सचं कुठलंही पुस्तक आधी हाती आलं तरी फारसं बिघडत नाही. मॅलरी टॉवर्स मात्र क्रमानेच द्या. शेवटच्या पुस्तकात वडिलांच्या आजारपणामुळे ग्वेंडोलिनला शाळा सोडावी लागते. सहा वर्षं तिचा राग राग केलेला असेल तरच तिचं पत्र वाचताना घसा दाटून येतो. आणि दुकानात नऊ किंवा बारा पुस्तकांचा संच दिसला तर गोंधळू नका. सेंट क्लेअर्सची आणखी तीन पुस्तकं आणि डॅरेलच्या धाकट्या बहिणीची, फेलिसिटीची, सहा पुस्तकं पामेला कॉक्स यांनी पुष्कळ नंतर लिहिली आहेत.