बोन्त्शे आणि गिम्पेल: एक गप्प, एक नम्र

यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, कथांमधली ही दोन माणसं वाचकांच्या मनात हमखास एकमेकांत मिसळतात. दोघंही गरीब, दोघांचाही छळ होतो आणि दोघंही उलटून हात उगारत नाहीत. तरीही त्यांना एकाच पंक्तीत बसवणं मला पटत नाही.

आय. एल. पेरेत्झ यांची 'बोन्त्शे श्वाइग' ही कथा १८९४ची. बोन्त्शे हमाल आहे. सावत्र आईनं त्याला बुरशी आलेला पाव खाऊ घातला, दारुड्या बापानं ऐन हिवाळ्यात रात्री घराबाहेर काढलं. ज्या श्रीमंताचा जीव त्यानं वाचवला, त्यानंच पुढे त्याचा पगार बुडवला. शेवटी त्याच माणसाच्या गाडीखाली तो सापडला. या सगळ्यात त्यानं ब्रही काढला नाही. मेल्यावर स्वर्गात मात्र त्याचा थाटामाटात सत्कार होतो. फिर्यादी देवदूतालाही त्याच्याविरुद्ध बोलायला काही सापडत नाही. न्यायाधीश म्हणतात, स्वर्गातलं सगळं तुझं आहे, हवं ते माग. बोन्त्शे मागतो रोज सकाळी एक गरम पाव आणि ताजं लोणी. देवदूतांच्या माना शरमेनं खाली जातात आणि फिर्यादी हसतो.

ही संताची कथा म्हणून वाचली की त्या शरमेचा अर्थच लागत नाही. नम्र माणूस स्वतःजवळचं काहीतरी जाणूनबुजून बाजूला ठेवतो. बोन्त्शेजवळ ठेवण्यासारखं काही उरलेलंच नाही, त्याची इच्छाच मारली गेली आहे. न्यायाधीश त्याला सांगतातही की तू ओरडला असतास तर जग हादरलं असतं, पण तुला ते कधी कळलंच नाही. पेरेत्झ पेशानं वकील होते, कामगार चळवळीशी त्यांची जवळीक होती आणि १८९९मध्ये त्यांना अटकही झाली. असा लेखक मुकाट सोसण्याची आरती ओवाळत असेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांचा गिम्पेल आला १९४५मध्ये. तो आपली गोष्ट स्वतः सांगतो, इथेच मोठा फरक पडतो. फ्राम्पोल गावचा हा बेकरीवाला अंगानं दणकट आहे. एक थप्पड दिली तर समोरच्याला थेट दूरचं क्राकोव शहर दिसेल, हे त्याला ठाऊक आहे, पण मारामारी त्याच्या स्वभावात नाही. सैतान त्याला फितवतो आणि छळणाऱ्या गावावर सूड म्हणून तो पावाच्या पिठात लघवी करतोही. मग मेलेली बायको स्वप्नात येऊन बजावते, तेव्हा ते सगळे पाव तो गोठलेल्या जमिनीत पुरतो. सूड हातात होता, भाजून तयार होता, आणि त्यानं तो स्वतः टाकून दिला. बोन्त्शेच्या आयुष्यात असा क्षण येतच नाही.