युरोपातील हिवाळी मधुचंद्र: शेंगेन व्हिसाचा अर्ज कोठे, कधी आणि कोणत्या कागदांसह

तुळशीच्या लग्नानंतर विवाहाचे मुहूर्त सुरू होतात आणि तोवर नाताळ जेमतेम महिना-दीड महिन्यावर येऊन ठेपलेला असतो. या दोहोंमधल्या फटीत युरोपचा व्हिसा बसवण्याचा खटाटोप दरवर्षी अनेक नवी जोडपी करतात आणि त्यांतल्या काहींचे पासपोर्ट नकाराच्या छापील कागदासह परत येतात. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, सुमारे ११ लाख अर्ज झाले आणि त्यांतील साधारण १५ टक्के नाकारले गेले. खर्चाला हात आखडता घ्यायचा नाही असे ठरवलेल्या घरांतून तर हमखास विचारले जाते की, एवढी ऐपत असताना नकार आलाच कसा? वकिलात ऐपत पाहते, पण ती कागदावर कशी आणि कधीपासून दिसते हे अधिक पाहते. नवविवाहितांची अडचण अशी की नाव, पत्ता, नोकरी आणि बँकेतील शिल्लक या चारही गोष्टी त्यांच्या बाबतीत नेमक्या त्याच दोन महिन्यांत बदललेल्या असतात.

पात्रतेचा साधा भाग लवकर सांगून होतो. शेंगेन क्षेत्रात सध्या २९ देश आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलँड युरोपीय संघात नसले तरी या क्षेत्रात आहेत; ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. पर्यटनाच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. प्रौढ व्यक्तीसाठी शुल्क ९० युरो असून अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे पडते. व्हिसा नाकारला गेला तरी यातले काही परत मिळत नाही. नवराबायकोचे अर्ज एकत्र देता येतात, पण प्रत्येकाचा अर्ज, शुल्क आणि निर्णय स्वतंत्र असतो. नवऱ्याला व्हिसा आणि बायकोला नकार, असे घडू शकते आणि घडतेही.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा

येथे पहिली मोठी चूक होते. ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम आहे त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. मुक्काम समान असतील आणि मुख्य ठिकाण ठरवताच येत नसेल, तरच ज्या देशाच्या सीमेवरून शेंगेनमध्ये प्रवेश होणार त्याच्याकडे. समजा, पॅरिसला तीन आणि स्ट्रासबर्गला एक, मग लुसर्नला दोन आणि झरमॅटला दोन, पुढे व्हिएन्नाला दोन आणि शेवटी फिनलंडमधील रोव्हानिएमीला तीन रात्री असा बेत आहे. फ्रान्सच्या चार रात्री आणि स्वित्झर्लंडच्याही चार, म्हणजे फाइल वाचणाऱ्याला विचारात पाडण्याची सोय आपणच करून ठेवली. अशा वेळी पॅरिसची एक रात्र वाढवावी आणि प्रश्न मिटवावा. मधुचंद्रात पॅरिसची एक रात्र जास्त झाल्याची तक्रार कोणी केलेली मी तरी ऐकलेली नाही.

अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून त्याच्याकडे अर्ज करायचा आणि प्रत्यक्षात दुसरीकडेच राहायचे, हा सल्ला कोणी दिला तर तो देणाऱ्यापासून दूर राहावे. ज्या हॉटेलांच्या आधारे व्हिसा मिळाला ती सर्व रद्द झाल्याचे सीमेवरील चौकशीत उघड झाले, तर विमानतळावरूनच परत पाठवले जाऊ शकते.

लंडन जोडायचे असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. एकाच वेळी दोन वकिलातींकडे पासपोर्ट देता येत नाही, त्यामुळे दोन व्हिसांसाठी लागणारा वेळ एकापुढे एक मोजावा. शिवाय पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा झुरिकला उतरणे हा शेंगेनमधील दुसरा प्रवेश ठरतो. त्यासाठी अर्जातच एकापेक्षा अधिक प्रवेशांची मागणी करावी लागते.

तारखांचे गणित

प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून ते १५ दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, हा नियम जवळजवळ प्रत्येक जण चुकीचा वाचतो. १५ दिवस ही अर्ज दाखल करण्याची शेवटची मर्यादा आहे. व्हिसा हाती पडण्याची ती हमी नव्हे. निर्णयासाठी सामान्यतः १५ दिवस दिलेले असले तरी तपासणी वाढली तर ते ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. त्यात अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचा काळ धरलेला नाही, आणि हिवाळ्याच्या तोंडावर तोच सर्वांत लांब असतो. नाताळात वकिलातींच्याही सुट्ट्या असतात. नोव्हेंबरअखेर लग्न आणि २० डिसेंबरचे विमान, हे गणित कागदावरसुद्धा जमत नाही.

यातून बाहेर पडण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला म्हणजे लग्नाआधीच अर्ज करणे. त्या वेळी वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘अविवाहित’ असेच लिहावे, कारण त्या दिवशी तेच खरे असते. सोबतच्या पत्रात विवाहाची तारीख लिहावी आणि लग्नपत्रिका, तिचे इंग्रजी भाषांतर व मंगल कार्यालयाच्या आरक्षणाची पावती जोडावी. पुढे होणाऱ्या लग्नाच्या भरवशावर आजच ‘विवाहित’ लिहू नये. ती खोटी माहिती ठरते. दुसरा मार्ग म्हणजे संक्रांतीनंतर निघणे. नाताळचे बाजार हुकतात हे खरे; पण आल्प्समध्ये फेब्रुवारीत बर्फ भरपूर असते आणि फिनलंडच्या उत्तरेकडील लॅपलँडमध्ये उत्तर ध्रुवीय प्रकाश मार्चअखेरपर्यंत दिसू शकतो. कागदपत्रे जमवायला मिळणारे सहा-सात आठवडे हा त्यातला खरा फायदा.

कोणाकडेच नसलेला दाखला

लग्नानंतर अर्ज करणाऱ्यांकडे हमखास नसणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका, भटजींनी दिलेले पत्र, कार्यालयाची पावती आणि हार घातलेला फोटो हे सर्व मिळूनही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या अधिनियमानुसार महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाकडे होते. वयाचे व रहिवासाचे पुरावे, पत्रिका आणि फोटो घेऊन दोघांना हजर राहावे लागते. सोबत तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर पुरोहितांची सहीही लागते. नेमके येथेच घोडे अडते: लग्नाच्या दिवशी सही घ्यायची राहून जाते आणि गुरुजी पुढच्या मुहूर्तावर दुसऱ्या गावी गेलेले असतात. त्यामुळे कोरा नमुना आधीच आणून ठेवावा आणि अक्षता पडल्यावर, पंगत बसण्यापूर्वी, सही उरकून घ्यावी. निबंधक ठरावीक वारीच बसतात, साक्षीदाराच्या आधारवरचा पत्ता अस्पष्ट आहे म्हणून फेरी पडते, आणि हे पहिल्याच भेटीत कोणी सांगत नाही. याचा मनस्ताप गृहीत धरूनच पंधरवडा हाताशी ठेवावा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण दाखला तेथेच मिळतो. गोव्यातील जोडप्यांना ही धावपळ सहसा पडत नाही, कारण तेथे निबंधकापुढील नोंद हाच विवाहाचा भाग असतो.

दाखला केवळ मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे आणि त्यातील नावांचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवावे.

तांदळात लिहिलेले नाव

आपल्याकडे नवरीचे नाव ताटातल्या तांदळात अंगठीने नव्याने लिहिण्याची पद्धत आहे. ते नाव घरात राहू द्यावे. प्रवास होईपर्यंत कागदावर आणू नये. पासपोर्टवर माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. लग्नानंतर उत्साहाने आधारवर सासरचे नाव येते. पॅन आणि बँकेचे खाते जुन्याच नावावर राहते. आणि हॉटेलचे बुकिंग नवऱ्याने ‘मिसेस’ लावून तिसऱ्याच नावाने केलेले असते. एका फाइलमध्ये मी एकाच मुलीची अशी चार नावे पाहिली आहेत. ती चारही एकाच व्यक्तीची आहेत हे लातूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. वकिलातीतल्या अधिकाऱ्याला मात्र ते सिद्ध करून द्यावे लागते.

लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. जुन्याच नावाच्या पासपोर्टवर अर्ज करावा आणि तिकीट, विमा, हॉटेल यांवर तेच नाव घालावे. नात्याचा पुरावा विवाहाचा दाखला देतो. नाव आधीच काही ठिकाणी बदलले असेल तर राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र जोडावे आणि सोबतच्या पत्रात दोन ओळींत खुलासा करावा.

पैसा कोठून आला

सढळ खर्चाचा बेत असलेल्यांची फाइल येथे अडखळते. किमान तीन महिन्यांचे, काही देशांना त्याहून जास्त काळाचे, बँकेचा शिक्का असलेले स्टेटमेंट मागितले जाते. त्यात दोन महिने शिल्लक ८० हजारांच्या आसपास रेंगाळते आणि अर्जाच्या आठवडाभर आधी एकाच दिवशी १२ लाख जमा होतात. घरच्यांना ठाऊक असते की तो आहेर आहे, वडिलांनी मोडलेली ठेव आहे. स्टेटमेंट वाचणाऱ्याला मात्र दाखवण्यापुरते उसने आणलेले पैसे दिसतात.

उपाय अवघड नाही. वडील खर्च करणार असतील तर रक्कम मुलाच्या खात्यात ढकलण्याऐवजी त्यांनी खर्च उचलत असल्याचे पत्र द्यावे आणि स्वतःचे स्टेटमेंट व आयकर विवरणपत्रे जोडावीत. रक्कम आधीच वळवली असेल तर ठेव मोडल्याची पावती आणि भेटीचे पत्र लावावे. लग्नात वधूवरांना मिळालेली भेट आयकरातून मुक्त असते, तेव्हा ती लपवण्याचे कारणच नाही.

नोकरदारांनी तीन महिन्यांच्या पगारपत्रकांसोबत रजा मंजुरीचे पत्र द्यावे आणि त्यात कामावर परत रुजू होण्याची तारीख लिहून घ्यावी. केवळ ‘हरकत नाही’ एवढ्यावर थांबलेले पत्र अर्धेच काम करते. व्यावसायिकांना जीएसटी नोंदणी आणि विवरणपत्रे पुरतात. शेतकरी कुटुंबांची अडचण वेगळी असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या विवरणपत्रात फारसे काही दिसत नाही. अशांनी सातबारा, निर्यातदाराची किंवा कारखान्याची बिले आणि ती रक्कम बँकेत जमा झाल्याची नोंद, अशी साखळी इंग्रजी भाषांतरासह लावावी. नुसत्या सातबाऱ्याचा उपयोग होत नाही. जमीन आहे एवढेच त्यातून कळते.

लग्नासाठी नोकरी सोडून सासरच्या शहरात आलेल्या मुलीची फाइल सर्वांत नाजूक असते, कारण तिच्याकडे परत येण्याचे लेखी कारण उरलेले नसते. नवीन नोकरीचे नियुक्तिपत्र, शिक्षणाचा प्रवेश, स्वतःच्या नावावरील ठेवी, यांपैकी जे असेल ते लावावे. आणि शक्य असेल तर राजीनामा सहलीनंतरच द्यावा.

बुकिंग, विमा आणि मेंदी

अर्जासाठी तिकिटाचे आरक्षण पुरते. पूर्ण पैसे भरून तिकीट काढण्याची गरज नसते. व्हिसा हाती येण्यापूर्वी लॅपलँडमधल्या मुक्कामासाठी परतावा न मिळणारी काचेची इग्लू (काचेच्या छताची खोली) घेऊ नये. उलट, एजंटाने दिलेले आणि दोन दिवसांत आपोआप रद्द होणारे नकली तिकीटही लावू नये, कारण आरक्षणाची पडताळणी होते. हॉटेलच्या प्रत्येक बुकिंगवर दोघांची नावे हवीत आणि एकही रात्र मोकळी राहता कामा नये. व्हिएन्नाहून रात्रीच्या गाडीने निघणार असाल तर ती रात्र गाडीत आहे हे बेतात लिहावे.

विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे, सर्व शेंगेन देशांना आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाला लागू होणारे असावे. स्कीइंग करणार असाल तर हिवाळी खेळ पॉलिसीत आहेत का ते वाचावे; पुष्कळ स्वस्त पॉलिसींतून ते वगळलेले असतात.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा आणि सहा महिन्यांच्या आतला. बोटांच्या ठशांसाठी स्वतः जावे लागते. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरले जाऊ शकतात. नवरीने मात्र मेंदीची तारीख पाहूनच अपॉइंटमेंट घ्यावी, कारण बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असेल तर ठसे नीट न उमटल्याने दुसरी खेप पडू शकते.

निर्णयानंतर

नकार आल्यास कारणावर खूण केलेला ठरावीक नमुना मिळतो. ‘प्रवासाचा हेतू सिद्ध झाला नाही’ किंवा ‘परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका’ या खुणा नेहमीच्या. अपिलाचा हक्क असतो आणि त्याची मुदत व पद्धत त्याच कागदावर दिलेली असते. पण मुहूर्तासारखीच विमानाची तारीखही थांबत नाही, म्हणून बहुतेकांना उणीव दूर करून नवा अर्ज करणेच परवडते. नव्या अर्जात आधीचा नकार लपवू नये, तो त्यांच्या नोंदीत असतोच.

व्हिसा मिळाल्यास पाकीट उघडून स्टिकर तेथल्या तेथे वाचावे: नावाचे स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, वैधतेच्या तारखा, प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस. वैधतेचा काळ आणि मुक्कामाचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टिकरवर वैधता ३० दिवसांची आणि मुक्काम १५ दिवसांचा असेल, तर सोळाव्या दिवशी तेथे असणे बेकायदा ठरते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहरा आणि ठसे नोंदवणारी नवी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून ती दिवस स्वतःच मोजते. तेथील अधिकारी हॉटेल, विमा आणि परतीच्या तिकिटाचे कागद पुन्हा मागू शकतो. तेव्हा ती फाइल सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.