मिसळीत सगळा दोष तिखटाचा नाही

कोल्हापुरात पोट बिघडलं की खापर कटावर फुटतं. ‘तिखट सोड, नुसती उसळ खा, पोट साफ राहील,’ हा सल्ला घरोघरी तयार असतो. आयबीएस, म्हणजे पोट वारंवार दुखण्या-बिघडण्याचा आतड्याचा विकार, असलेल्याला तो बऱ्याचदा उलटा पडतो.

मिरचीनं जळजळ होते, काहींना कळाही येतात, ते खरंच. पण नंतर पोट नगाऱ्यासारखं फुगतं, ते बहुधा मटकीतल्या रॅफिनोजसारख्या साखरांनी आणि कांदा-लसणातल्या फ्रुक्टॅन या कर्बोदकानं. हे पचवणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, वायू धरतो. आयबीएसच्या हळव्या आतड्याला तो सोसत नाही. म्हणून बिनतिखटाची उसळही छळते, वर ‘मनाचे खेळ’ हे ऐकावं लागतं.

मटकी भिजवलेलं पाणी फेका. थोड्या साखरा त्यात उतरतात. फ्रुक्टॅन तेलात उतरत नाही. लसूण तेलात परतून पाकळ्या काढल्या तर फोडणीला वास राहतो. रश्शात शिजवला तर मात्र उपयोग नाही, पाण्यात ते उतरतं.

क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या आजारानं आतडं अरुंद झालं असेल तर कच्च्या, रेषाळ भाज्या अडकू शकतात. तिथं डॉक्टरांना विचारूनच खा.