पन्नाशी ओलांडलेल्या पिकअपची व्हिंटेज नोंदणी: आधी नंबर शोधा, मग फॉर्म भरा

निफाड, दिंडोरीकडच्या मळ्यांत पत्र्याच्या शेडखाली आजोबांच्या काळातली शेवरोले, डॉज किंवा विलीज पिकअप अजून उभी असते. अशी गाडी रीतसर नावावर राहावी यासाठी आता नियम आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी ८१ए पासूनची कलमे घातली. लोक फी आणि फॉर्मची चौकशी करतात, पण अर्ज अडतो तो नंबरावर. लोखंडावर कोरलेला चेसिस नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळला नाही, तर पुढचे काहीच हलत नाही.

गाडी नियमात बसते का?

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी चालते, परदेशातून आणलेलीसुद्धा. मात्र ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. पेट्रोल परवडेना म्हणून त्या काळी कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिन बसवले गेले. गाडी दिसायला कितीही देखणी असली तरी अशा बदलानंतर ती ‘मूळ रूपात’ राहत नाही. दुसरी गोष्ट, तुमच्या आरसीवर पिकअप ‘मालवाहू’ म्हणून चढलेली असेल, तर फी भरण्याआधी परिवहन कार्यालयात वाहनाच्या वर्गाबद्दल लेखी विचारून घ्या. व्हिंटेज नोंदणी व्यापारी वापरासाठी नाही.

नंबर कुठे सापडतो

आजचा १७ अंकी-अक्षरी नंबर शोधू नका. तो अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, लांबीही वेगळी. म्हणून जुन्या गाडीचा नंबर आखूड निघाला की घाबरू नये.

डावी-उजवी बाजू नेहमी ड्रायव्हरच्या सीटवरून पुढे बघताना धरायची. १९४८ ते १९५२ च्या फोर्ड एफ-१ मध्ये नंबर चेसिसच्या उजव्या पट्टीवर पुढच्या भागात ठोकलेला असतो, शिवाय ग्लोव्ह बॉक्सच्या दारावर पत्र्याची पाटी असते. त्याच काळातल्या शेवरोलेत पाटी दाराच्या बिजागरीच्या खांबावर बघा. जीप घराण्यातल्या गाड्यांत बॉनेट उघडून फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरची) पाटी आधी तपासा, मग चेसिसचा पुढचा भाग. पाटी स्क्रूने बसवलेली असते, ती गळून पडते किंवा कोणी काढून नेते. ठोकलेला नंबर मात्र टिकतो.

इंजिन नंबर वेगळा. शेवरोलेच्या सहा सिलिंडरी इंजिनात तो ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरजवळच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाजवळच्या) सपाट जागेवर असतो. विलीजच्या चार सिलिंडरी इंजिनात ब्लॉकच्या उजव्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात उंचवटा असतो, त्यावर. एक फसगत हमखास होते: ब्लॉकवर उठावदार दिसणारे आकडे हे ओतकामाचे, म्हणजे भागाचे नंबर. खरा इंजिन नंबर खोल ठोकलेला असतो. तरी ओतकामाचे आकडे वाया जात नाहीत. शेवरोलेच्या ब्लॉकवर एक अक्षर आणि आकडे असतील, तर ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ फेब्रुवारी, असा महिना निघतो. पुढे तारीख आणि सालाचा शेवटचा आकडा. इंजिन गाडीच्याच काळातले आहे की नंतरचे, याचा अंदाज त्यावरून येतो.

नंबर गंजाखाली असेल तर रॉकेल आणि कापड, मग मऊ ब्रश. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर अजिबात नको, ठोकलेली खोली कमी होते आणि नंतर कोणी विश्वास ठेवत नाही. खडू चोळून बाजूने तिरपी टॉर्च मारली की पुसट आकडेही वाचता येतात. भरपूर फोटो काढा आणि कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या; फॉर्म २० वर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, ती छाप लागतेच. ‘नंबर पुसट आहे, नवा ठोकून देतो’ असे कोणी म्हणाले तर स्पष्ट नकार द्या. परिवहन कार्यालयाच्या परवानगीशिवाय चेसिस नंबर पुन्हा ठोकला की खरी गाडीसुद्धा संशयित होते.

कागदपत्रे

फॉर्म २०, विमा, आणि भारतात आधी नोंद झालेली असेल तर जुने आरसी. आयात केलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद. आरसी हरवले असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ ने दुय्यम प्रत काढा. गाडी आजोबांच्याच नावावर राहिली असेल तर आधी वारसाने फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी. देवळालीच्या बाजूला लष्कराच्या लिलावातल्या गाड्या बऱ्याच निघतात. लिलावातल्या गाडीला फॉर्म ३२ आणि लिलावाची मूळ पावती लागते, ती जपून ठेवलेली असू द्या. १९६० पूर्वीच्या कागदांवर ‘मुंबई राज्य’ असणार, तो दोष नव्हे.

अर्ज आणि फी

अर्ज परिवहन पोर्टलवरून जातो. नाशिकचे प्रादेशिक परिवहन कार्यालय (एमएच १५) पेठ रोडला आहे, मालेगाव भागातल्यांसाठी मालेगावचे (एमएच ४१). नव्या व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीची ५,०००. राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते आणि पात्र ठरल्यास ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र मिळते, ते १० वर्षे चालते. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, पण आधीच नोंदलेली गाडी तिचा जुना नंबर ठेवू शकते. ज्यांच्या घरात तो नंबर पाठ आहे, त्यांनी तो जरूर ठेवावा.

नोंदणी झाली म्हणून पिकअप रोज बाजार समितीत नेता येणार नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. विकायची झाल्यास परिवहन कार्यालयाला कळवावे लागते.