ते वाक्य येशूचं नाही

‘पापाचा तिरस्कार करा, पाप्याचा नको’ हे येशूचं वचन म्हणून सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेत समलिंगी विवाहाच्या कायद्यावरून वाद पेटला की हमखास. पण बायबलमध्ये हे वाक्य कुठेही नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:४४) आहे ते वैऱ्यांवर प्रीती करायला सांगणं. तिरस्काराची जोड तिथे नाही.

मूळ सापडतं ते उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टिन याच्या लॅटिन पत्रात. पाचव्या शतकातलं हे पत्र धर्मभगिनींच्या मठाला लिहिलेलं. चुकलेल्या भगिनीला वळण लावताना माणसावर प्रेम ठेवा, द्वेष दोषांचा करा, असा त्याचा आशय. म्हणजे विषय मठातल्या शिस्तीचा, राज्याच्या कायद्याचा नव्हे. गंमत अशी, की याच ऑगस्टिनने चर्चपासून वेगळ्या झालेल्या डोनाटसपंथीय ख्रिश्चनांना परत आणण्यासाठी रोमन सम्राटाच्या कायद्याचा धाकही योग्य ठरवला. तोही प्रेमाच्याच नावाखाली! तेव्हा वाक्य सोज्ज्वळ असलं तरी लेखकाचा इतिहास तेवढा सरळ नाही.

गांधीजींच्या आत्मकथेतही हा विचार येतो. तो समजायला सोपा, पण क्वचितच आचरला जातो, असं त्यांनी तिथेच नोंदवलंय. आणि ज्ञानदेवांनी तर पसायदानात १२९० सालीच मागितलं होतं, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’.