चूक झाली हे तुमच्या ऑफिसात सांगता येतं का?

१९९० च्या दशकात अ‍ॅमी एडमंडसन या संशोधिका हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. डोस चुकणं, वेळ चुकणं, एकाचं औषध दुसऱ्याला जाणं, असल्या चुका. त्यांचा अंदाज अगदी साधा होता, तुम्ही आम्हीही तोच बांधला असता, की ज्या युनिटमधल्या लोकांचं आपापसात चांगलं जमतं तिथे चुका कमी होत असणार. दोन हॉस्पिटलमधली आठ युनिट्स घेतली, टीम कशी चालते याची प्रश्नावली भरून घेतली, चुकांचे आकडे गोळा केले, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर गणित चक्क उलटं आलेलं. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त!

आता चांगली टीम जास्त चुका करते हे काही केल्या पटत नाही ना. मग त्यांनी एका सहाय्यकाला त्या युनिट्समध्ये पाठवलं, त्याला कुठल्या युनिटचे आकडे काय आलेत हे मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि तो तिथे नुसता बघत आणि लोकांशी बोलत राहिला. त्याला दिसलं ते असं, की काही ठिकाणी नर्सेस चुकांबद्दल उघड बोलतात, काय झालं, कसं झालं, पुढच्या वेळी काय करायचं, आणि काही ठिकाणी चूक झाली की ती झाकायची धडपड सुरू होते कारण कळलं तर काय होईल हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे हातात होता तो आकडा झालेल्या चुकांचा नव्हताच, वर आलेल्या चुकांचा होता. हा अभ्यास १९९६ साली छापून आला. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘आमच्याकडे काही प्रॉब्लेमच नाही’ असं सांगणाऱ्या कुठल्याही डिपार्टमेंटकडे बघायची नजरच त्याने बदलते.

यातूनच पुढे मानसिक सुरक्षितता ही कल्पना आली. टीममध्ये प्रश्न विचारला, शंका काढली, चूक कबूल केली तर आपला पाणउतारा होणार नाही किंवा आपल्यावर डूख धरला जाणार नाही, असा टीममधल्या सगळ्यांना मिळून असलेला भरवसा. १९९९ साली एडमंडसन यांनीच एका कारखानदारी कंपनीतल्या ५१ टीम तपासल्या, तिथे असं दिसलं की जिथे हा भरवसा जास्त तिथले लोक एकमेकांना जास्त विचारतात, मदत मागतात, आणि त्यांचं कामही चांगलं होतं. इथे एक गैरसमज कायम होतो. मानसिक सुरक्षितता म्हणजे सगळ्यांनी गोड गोड बोलणं किंवा कामाचा दर्जा सैल सोडणं नाही. उलट जिथे सगळेच गोड बोलतात तिथे खरं बोलणं जास्त अवघड जातं.

माणसं गप्प का बसतात याचं उत्तर तसं सरळ आहे. बोललो तर फायदा झालाच तर सगळ्यांचा आणि तोही कधीतरी पुढे, पण तोटा मात्र माझा एकट्याचा आणि आत्ता लगेच. गप्प बसलं की हा हिशोब कायम सुरक्षित बाजूला पडतो. त्यात सगळे एका बाजूला असले की बोलणं आणखी जड जातं. सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले रेषांचे प्रयोग प्रसिद्धच आहेत, कुठल्या दोन रेषा सारख्या लांबीच्या हे डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना खोलीतले बाकी सगळे (ते संशोधकाचेच लोक) चुकीचं उत्तर देत होते, आणि खरा सहभागी साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्यामागे जात होता. पण त्याच प्रयोगातला दुसरा भाग कमी सांगितला जातो. बाकीच्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी हे मागे जाणं एकदम खाली यायचं. एक माणूस पुरतो! मीटिंगमध्ये ‘ती म्हणतेय ते एकदा बघूया ना’ एवढं वाक्य टाकायला कुठलं पद लागत नाही, आणि त्याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो ते इथे कळतं.

गप्प बसण्याची किंमत सगळ्यात स्पष्ट दिसते ती विमानांच्या इतिहासात, कारण तिथे कॉकपिटमधलं बोलणं रेकॉर्ड होतं. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडला उतरणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या १७३ नंबरच्या फ्लाइटमध्ये चाकं खाली येताना काहीतरी बिघाड जाणवला. कॅप्टन अनुभवी होता. बिघाड समजून घ्यायला आणि प्रवाशांची तयारी करून घ्यायला त्याने विमान जवळपास तासभर घिरट्या घालत ठेवलं. इंधन संपत चाललंय हे फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं, अजून पंधरा मिनिटं थांबलो तर इंधन फारच खाली जाईल असं तो बोललाही, पण ते माहिती दिल्यासारखं, ‘आत्ताच्या आत्ता उतरवा’ असं ठणकावून नाही. कॅप्टनचं सगळं लक्ष चाकांकडे. शेवटी एकेक करत चारही इंजिनं बंद पडली, विमान वस्तीत कोसळलं आणि १० माणसं गेली. तपासात कॅप्टनची चूक तर निघालीच, पण बाकी दोघांना आपली काळजी त्याच्यापर्यंत नीट पोचवता आली नाही हेही स्पष्ट नोंदवलं गेलं. लक्षात घ्या, माहिती कॉकपिटमध्येच होती, तिघं हाताच्या अंतरावर बसले होते.

यानंतर विमान कंपन्यांनी जे केलं ते कुठल्याही ऑफिसने बारकाईने बघण्यासारखं आहे. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेडने आपल्या क्रूला या गोष्टीचं रीतसर ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली. ज्युनिअरने ठामपणे कसं बोलायचं हे तर शिकवलंच, पण कॅप्टनने विचारायचं कसं आणि ऐकायचं कसं हेही शिकवलं, आणि मला वाटतं अर्ध्याहून जास्त काम या दुसऱ्या भागानेच केलं असेल. १९ जुलै १९८९ ला त्याच कंपनीच्या २३२ नंबरच्या फ्लाइटचं मागचं इंजिन फुटलं आणि विमान वळवायची हायड्रॉलिक यंत्रणा सगळीच्या सगळी गेली. अशा वेळी काय करायचं याचा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. कॅप्टन अल हेन्स यांनी क्रूचं ऐकलं, प्रवासी म्हणून बसलेल्या कंपनीच्याच एका ट्रेनिंग पायलटला पुढे बोलावून थ्रॉटल (इंजिनांचा जोर कमीजास्त करायचे दांडे) सांभाळायला दिले, आणि सगळ्यांनी मिळून नुसत्या इंजिनांच्या जोरावर विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की ते ट्रेनिंग नसतं तर हे जमलं नसतं.

ओरडण्याबद्दलही बोलायलाच हवं. ‘सर जरा रागीट आहेत, पण कामाला चोख’ हे आपण किती सहज म्हणतो. २०१५ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी नवजात बाळांच्या आयसीयूमधल्या २४ टीम घेऊन एक प्रयोग छापला. सगळ्या टीमना सारखीच सराव केस दिली, बाळाची तब्येत ढासळत चाललेली, फक्त काही टीमना सुरुवातीला एका बाहेरच्या ‘तज्ज्ञाकडून’ त्यांच्या डॉक्टरकीबद्दल अपमानास्पद शेरे ऐकायला लागले. त्या टीमचं निदानही कच्चं झालं आणि हातातलं कामही. कारण शोधलं तर त्यांनी एकमेकांना माहिती कमी दिली होती आणि मदत कमी मागितली होती. एका अनोळखी माणसाच्या दोन वाक्यांनी हे होत असेल तर रोज बोलणी खाणाऱ्या टीमचं काय होत असेल.

मग करायचं काय? टीम आउटिंग जरूर करा, मजा येते, पण त्याने हे सुटत नाही. मीटिंगमध्ये सगळ्यात वरच्या माणसाने शेवटी बोलावं, कारण त्याचं मत आधी आलं की बाकीचे त्याभोवतीच फिरत राहतात. चर्चा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आपापलं मत लिहून ठेवावं. १९८५ सालच्या स्टॅसर आणि टायटस यांच्या प्रयोगात दिसलं होतं की ग्रुप सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच बोलत बसतो, आणि जी गोष्ट एकालाच माहीत आहे ती बाहेर येतच नाही, निर्णय तिच्यावर अवलंबून असला तरी. आणि ‘काही शंका?’ असं विचारू नका, त्याला कोणी उत्तर देत नाही. ‘हे फसलं तर कशामुळे फसेल?’ असं विचारा, नाव घेऊन विचारा, आणि विचारल्यावर थांबा.

आणि हे नुसतं कागदावर आणून भागत नाही, याचा पुरावाही आहे. ऑपरेशनच्या आधी म्हणायची जागतिक आरोग्य संघटनेची एक चेकलिस्ट आहे, तिच्यात टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असंही आहे. २००९ साली आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलचे निकाल आले, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती सगळीकडे सक्तीने लागू झाली आणि २०१४ साली १०१ हॉस्पिटलांचे आकडे तपासले तर म्हणावा असा फरकच नाही. यावर बराच वाद झाला, पण टिक मारून फॉर्म पुढे सरकवणं आणि सर्जनने खरंच थांबून नर्सचं म्हणणं ऐकणं या दोन्ही गोष्टी रिपोर्टमध्ये एकसारख्याच दिसतात, हे ज्याने कुठलाही कंप्लायन्स फॉर्म भरलाय त्याला वेगळं सांगायला नको. म्हणून तुमच्या टीममध्ये नवीन कोणी आलं असेल आणि त्याने पहिल्यांदा येऊन ‘माझ्याकडून एक गडबड झालीय’ असं सांगितलं, तर आधी ‘बरं झालं लगेच सांगितलंस’ म्हणा आणि मग काय झालंय ते विचारा, कारण आजूबाजूच्या टेबलांवरचे सगळे त्या क्षणी मान खाली घालून तेच ऐकत असतात.